समोरच्या गॅलरीतलं ऊन

एप्रिलमध्ये हैदराबादेत दोरीवर टॉवेल टाकला तर चिमटे लावेपर्यंत तो वाळतो. यात एका अक्षराची अतिशयोक्ती नाही. आणि अशा या शहरात, कुकटपल्लीत, मी जन्माची कमाई घालून असा फ्लॅट घेतला की ज्यात ऊन म्हणून येत नाही. आमचा पहिला मजला. समोरची विंग इतकी चिकटून बांधलीय की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून आम्ही आमचा गॅस बंद करतो.

गेल्या वर्षी भाचीच्या लग्नाचं रुखवत आईने अंगावर घेतलं. विकतच्या कुरडया मांडायच्या असतील तर मी लग्नाला येत नाही, असं तिने परभणीला कळवून टाकलं होतं. गहू भिजले, वाटले गेले, चीक निवळला, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे शिजलाही. परवा सकाळी बहीण येऊन डबे घेऊन जाणार होती. मी प्लॅस्टिकचा कागद काखेत मारून गच्चीवर निघालो, तर जिन्याशी वॉचमन आडवा.

"नक्को साब, ऊपर डांबर डाल रैं. चार दिन पाँव बी नै रखना."

सूचना सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर फिरत होती. ग्रुप मी म्यूट करून ठेवला होता. बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या नजरेवर दोन कुरडया वाळल्या असत्या.

शिजलेला चीक कुणासाठी थांबत नाही. सोऱ्या फिरला, गॅलरीत सव्वाशे कुरडया पडल्या, सावलीत. पहिल्या दिवशी ऊन मिळालं नाही तर संध्याकाळी कुरडईला आंबूस वास येतो, आणि मग तिला तेलसुद्धा वाचवू शकत नाही. आई शेजारी पंख्याने वारा घालत बसली. बोलत नव्हती. माझी आई बोलत नाही तेव्हा घरातली घड्याळंसुद्धा हळू चालतात.

साडेआठला कुरडयांवर एक ठिपका आला. उन्हाचा, पिवळाधमक, पुरीएवढा. थरथरला आणि गेला. मी वर पाहिलं. समोरच्या विंगमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकू घासलेली झाकणं गॅलरीत उपडी घालत होत्या. त्यांच्याकडे सकाळचं ऊन आमच्या छपरावरून थेट जातं, साडेअकरापर्यंत.

अडचण एकच. पुण्याच्या या काकू आणि परभणीची आमची आई दोन वर्षं बोलत नव्हत्या. आईच्या मते तिची मोठी परात हळदीकुंकवाला काकूंकडे गेली ती परतली नाही. काकूंच्या मते त्यांनी ती केव्हाच पोचवली. गेटपाशी गाठ पडली की एक आकाश बघायची, दुसरी चपला.

कुरडया वर नेतो म्हटलं, तर आई म्हणाली, "तिच्या गॅलरीत माझी कुरडई वाळणार नाही."

"आणि तिथलं ऊन इकडे आणलं तर?"

आईने पंखा थांबवला. "ऊन काय तिच्या बापाचं आहे?"

परवानगी मिळाली. मी चौथ्या मजल्यावर पोचलो तो लिफ्टच्याही आधी. काकूंनी सगळं ऐकून एकच विचारलं: चीक कधी शिजला? सहाला, म्हटलं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि ड्रेसिंग टेबलाची एक बाजू धरायला सांगितली.

त्या बाईने आरसा लावला तो बघण्यासारखा होता. कॅरमची सोंगटी कडेला जशी लागते तशीच उलटून येते. उन्हाचंही तेच, हे आपण शाळेत पाठ करतो. काकूंना ते हाताला माहीत होतं. आरशाखाली घडी केलेलं पोळीचं फडकं सरकवून त्या तो तिळाएवढा कलवायच्या, आणि खाली आमच्या गॅलरीत ऊन हातभर चालायचं. पाचव्या झुकावाला ते बरोबर कुरडयांवर बसलं. मग म्हणाल्या, एकाने भागायचं नाही, आणि खालच्या-वरच्या मजल्यांवरच्या अक्कांना मोडक्या तेलुगूत हाका मारल्या.

पुढे मी ऑफिसात चाळीस आरसे सांगितले. खरे सात होते, पण त्यांत कपाटाचं एक अख्खं दार होतं. एका अक्काने पांढरी चादर धरली. तिने दोन विंगमधलं अख्खं अंगण उजळलं, पण ऊब कुणालाच मिळेना. वॉचमनने स्कूटरचा आरसा आणला. तो फुगीर, त्यामुळे त्याने आपलं ऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, तारनाक्यापर्यंत वाटून टाकलं. सपाट आरसे मात्र एका जागी मन लावून बसले. वरून विमान गेलं, त्याच्या पायलटने नक्की गॉगल चढवला असणार.

मी खाली येऊन फोनवर दिशा सांगत होतो. एक कोपरा अजून ओला होता. तिथे काही पोचत नाही, म्हटलं. काकू आत गेल्या, आणि आमच्या भिंतीवर एक मोठा गोल प्रकाश येऊन पडला. त्याच्या मधोमध एक मासा होता. शेपटीसकट, लखलखीत.

तो मासा जगात आमच्याच घराला ओळखीचा. माझ्या लग्नात आचाऱ्याच्या हातून मोठी परात पायऱ्यांवरून गडगडली आणि तिला एक पोचा पडला. त्यानंतर जुन्या घरी सकाळी परात उन्हात टेकवली की त्या पोच्यामुळे स्वयंपाकघराच्या छतावर हाच मासा पोहायचा.

आईने मासा पाहिला. मी फोन कानाला घट्ट दाबला. पलीकडून काकूंचा श्वास ऐकू येत होता. त्यांनाही उमगलं असावं की त्यांनी काय बाहेर काढलंय. गेल्या कुरडया, मी मनाशी म्हटलं. दोन वर्षांचं भांडण आता सगळं एकदम शिजणार.

आईने ओल्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि फोन माझ्या हातातून घेतला.

"जरा खाली घ्या," ती म्हणाली. "भिंतीवर नको, कुरडयांवर."

मासा भिंतीवरून उतरला आणि कोपऱ्यात जाऊन बसला.

अडीच तास काकू तिथून हलल्या नाहीत. सूर्य सरकायचा, की दर पाच मिनिटांनी त्या आपला आरसा नीट करायच्या, मग परात, मग वरच्या-खालच्यांना ओरडून सांगायच्या. साठी उलटलेली बाई, पदर खोचलेला, डोळे चुलीसमोर बसल्यासारखे लाल. मी मोठमोठ्या कंपन्यांत मोठमोठे प्रोजेक्ट हाकणारे लोक पाहिलेत. त्यांतल्या एकालाही मी सात आरसे सोपवणार नाही. साडेअकराला ऊन गेलं. पुढचं काम गरम वाऱ्याने घेतलं.

चारला आईने एका कुरडईची कड नखाने उचलली. चिकटून तुटली तर संपलं. घरात कुणी हलेना. कट् असा बारीक आवाज झाला आणि कुरडई अख्खी सुटून तिच्या तळहातावर आली, पांढरी शुभ्र.

समोर वर काकू कठड्यावरून वाकल्या होत्या. "सुटल्या का हो?"

आईने तळहात उंच करून दाखवला.

"सुटल्या. उद्या दुसरं ऊन लागेल. आठला मीच घेऊन येते वर, गॅलरी रिकामी ठेवा."