आमच्या सांदवाडीचं पान

जीभ तोंडात मावत नव्हती. मी दोडक्याच्या मांडवाखाली चिखलात उताणी पडले होते, तोडलेला दोडका हातात तसाच होता, आणि श्वास आत जायला जागा उरली नव्हती. दोन्ही हात कोपरापर्यंत सुजून लाल झालेले. ओठ इतके पुढे आले होते की माझे मलाच दिसत होते.

"माय! माय व! काहून बोलत नाही?" मुलगा रमेश ओरडत होता.

बोलणार कशानं?

"त्यायले बोलाले काय लावून राहिले! गाडी आणा ना आधी!" सून सुनंदा त्याच्यावर खेकसली. सून कामाची आहे हे मला त्या दिवशी पक्कं कळलं.

शेजारच्या पोराचा ऑटो दारात उभा होता म्हणून वाचले. आमच्या आंबागडहून तुमसरचा रस्ता कसा गेला ते मला आठवत नाही. सुनंदा सांगते की वाटेत माझे डोळे फिरले होते. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, सलाईन लावली, नाकाला नळी लावली. दुपारी घसा मोकळा झाला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला की दोडके आणले का घरात. रमेशनं कपाळावर हात मारला.

हे तान्ह्या पोळ्याच्या सकाळचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरं लाकडी बैल सजवून मिरवतात. गल्लीत त्यांची धावपळ चालली होती आणि मी सणाची भाजी तोडायला मागे गेले होते.

आता माझं सांगते. मी चौथीपर्यंत शिकले. हे मी हातानं लिहिलं, सुनंदानं मोबाईलवर टाकलं. तुमच्या या ग्रुपवरचे अनुभव ती मला वाचून दाखवते. खरं सांगायचं तर त्यातले निम्मे मला झोपेतले वाटतात. भूत, करणी, अंगात येणं — मी कधी मानलं नाही. गावात कोणाच्या अंगात आलं की मी उठून घरी येते. आजही मानत नाही. जे झालं तेवढं सांगते, मानायचं का नाही ते तुम्ही बघा.

घराच्या मागे भाजीपाल्याची जागा असते तिला आम्ही सांदवाडी म्हणतो. माझ्या सांदवाडीत दोडका, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, हळद, झेंडू, मधोमध तुळस. ती मी एकटीनं उभी केली. नवरा, रमेश रांगत होता तेव्हा, बपेऱ्याच्या पलीकडे मध्य प्रदेशात लाकडाच्या कामाला गेला आणि तिकडेच दुसरी करून राहिला. परत आला नाही. आधी कधीतरी कोणाकडून कळायचं, मग तेही बंद झालं. मी भाजी लावली, टोपलं डोक्यावर घेऊन बाजारात विकली, मुलगा वाढवला. कुंकू मात्र लावत राहिले. प्रेम होतं म्हणून नाही. मेल्याची खबर नव्हती म्हणून.

तर इतकी वर्षं त्या मातीत उघडे हात घातलेत. खाजकुयली लागली, गांधीलमाशी चावली, तासभर चोळलं आणि कामाला लागले. आणि आता दोडका मला मारायला उठला?

डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्यानं विचारलं, "आजी, बागेत नवीन काय लावलंय?"

"नवीन काही नाही. सगळ्यात जुनी मीच."

तो हसला. म्हणाला, ॲलर्जी कोणत्याही वयात सुरू होते. गाजरगवत असेल, फवारणी असेल. गोळ्या दिल्या, आणि झाडांपासून लांब राहा म्हणाला.

शेजारीण कौसल्या माझ्याच वयाची. तिच्या आणि माझ्या सांदवाडीत फक्त काट्याचं कुंपण. तिचं निदान तयारच होतं.

"बिबा उतला तुले, बाई. त्या कोपऱ्यातल्या झाडाखालून गेली असशील."

बिब्याचा चीक अंगाला लागला की कातडी सुजते, फोड येतात, त्याला आमच्याकडे बिबा उतला म्हणतात. पावसात झाडावरून टपकलेल्या पाण्यानंही उततो असं जुनी माणसं सांगतात. कौसल्यानं तीळ आणि खोबरं वाटून माझ्या हातांना लावलं. रमेशनं कुऱ्हाड घेतली आणि कोपऱ्यातला बिबा तोडला. झाडाचा जीव गेला, माझी सूज तशीच. म्हणजे गोळ्यांनी उतरली, आणि मी परत तुळशीला पाणी घालायला गेले तर मनगटापर्यंत परत फोड.

मग रमेशला आलं. हळदीतलं गवत काढायला गेला आणि दोन्ही हातांवर दोरखंडासारखे वळ उठले. सुनंदानं सांभार खुडला तर तिची बोटं सुजली, अंगठी कापून काढावी लागली. आम्हा दोघींपेक्षा रमेशचं आरडणं जास्त होतं.

"कसं वाटून राहिलं रे रमेश? फुगे विकाले बसशील काय जत्रेत?" कौसल्या कुंपणावरून म्हणाली.

"हसू नको काकी. तूच काही टाकलं असशील."

"मी? अरे, मीच रोज तोडून देऊन राहिली ना तुमची भाजी!"

ते खरं होतं. आम्हाला जाता येत नव्हतं म्हणून कौसल्याच आमच्या सांदवाडीतून भाजी तोडून द्यायची. माझी सासू गेली तेव्हा सुतकातही हिनंच तोडून दिली होती. आमच्या घराची तशी रीत आहे, सुतक असेपर्यंत घरच्यानं सांदवाडीतलं पान तोडायचं नाही, तुळशीला हात लावायचा नाही. तेव्हा हे मला आठवलं, पण भाजीच्या निमित्तानं. पुढं विचार केला नाही.

कौसल्याला काही होत नव्हतं. तीच वांगी, तीच तुळस, तिच्या हातावर साधी खाज नाही. आणि तिनं तोडून दिलेलं आम्ही हातात घ्यायचो, चिरायचो, खायचो, तेव्हा आम्हालाही काही होत नव्हतं. फवारणी असती तर तोडल्यावर धुवून गेली काय?

मग मी एक करून पाहिलं. तिच्या कुंपणाच्या आत गेले आणि तिच्या वांग्यांना हात लावला. काही नाही. तिच्या कारल्याचा वेल आमच्या बाजूला आला होता, तो धरला. काही नाही. आमच्या दोडक्याचा एक फाटा तिच्या बाजूला लोंबत होता. त्याचं एकच पान बोटानं शिवलं… बोट तिथंच टरारून फुगलं. म्हणजे पान कोणत्या बाजूला आहे याला अर्थ नव्हता. बूड आमच्या मातीत असलं की लागत होतं.

हे मी डॉक्टरला सांगितलं. तो म्हणाला, "असं होत नाही आजी."

"होत नाही ते मलाही माहीत आहे. झालं ते सांगते."

रमेशनं मात्र ठरवून टाकलं. "माय, हे सारं उपडून टाकू. ट्रॅक्टर बोलावतो, साफ करतो, वरून सिमेंट."

"मग मी काय करू?"

"बस ना आता. टीव्ही पाह्य."

"तुह्या बापानं टाकलं तेव्हा या जाग्यानं पोसलं तुले. टीव्हीनं नाही."

"अन् उद्या मेली तर? मी काय करू तं सांग?" त्याचा आवाज चिरका झाला. तो घाबरला होता, ते मला दिसत होतं. पण सांदवाडी गेल्यावर मी त्या घरात कशाला उरते, ते त्याला दिसत नव्हतं. डॉक्टर त्याच्या बाजूनं, सून त्याच्या बाजूनं. पोरगा चुकीचं बोलत नव्हता हीच अडचण होती. मी एवढंच कबूल करून घेतलं की गावातले गणपती उठेपर्यंत थांब. रोज सकाळी मी कुंपणाशी उभी राहून एका पानाला करंगळी लावून बघायची. रोज करंगळी सुजायची.

गणपती उठायच्या आदल्या दिवशीच रमेशनं ट्रॅक्टर आणला. म्हणाला, विसर्जनाच्या दिवशी ड्रायव्हर मिळणार नाही. ट्रॅक्टर दारात घरघरत उभा होता. मी चहाचा कप खाली ठेवला आणि सरळ सांदवाडीत शिरले. त्या दिवशी करंगळी नाही लावली. दोडक्याचा वेल दोन्ही हातांनी धरला, पानं चुरगाळली आणि तोंडाला, गळ्याला चोळली.

"आई!" सुनंदा किंचाळली. रमेश मला ओढायला आला आणि मांडवाबाहेर थबकला. त्याची आत यायची हिंमत झाली नाही.

मी उभी राहिले. तोंडाला हिरवा वास येत होता. हात माझे मीच उलटेपालटे करून बघितले. सुरकुत्या होत्या, माती होती. बाकी काही नाही.

"जीभ दाखवा," सुनंदा म्हणाली.

दाखवली. जीभ जागेवर होती. मग रमेशनं हळदीचं पान धरलं, सुनंदानं सांभार खुडला. कोणाला काही नाही. ड्रायव्हर विचारत होता, "काकी, वाडी पाडाची हाये का नाही?" मी म्हटलं, "चहा पी अन् जाय."

इथं संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. डॉक्टरचं मान्य केलं असतं की आली तशी गेली.

पितरांच्या पंधरवड्यात एक माणूस मोटरसायकलवर आला. बपेऱ्याच्या पलीकडून. नाव-गाव विचारत विचारत आमच्या दारात. माझ्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोचा भाचा, तिला बुआ म्हणायचा आणि माझ्या नवऱ्याला फूफाजी. उभ्याउभ्याच म्हणाला, "फूफाजी गुजर गए. बुआनं सांगितलं, तिकडं बताना चाहिए. तिले आपला पत्ता मालूम नोता, ढुंढाले वेळ लागला."

"कधी?" रमेशनं विचारलं.

"पोळ्याच्या दूसरे दिन. सबेरे. अंगणात चलते चलते गिरे, सांस नहीं ले पाए."

मी काहीच जोडलं नाही. सुनंदानं जोडलं. तिनं विचारलं, "अन् तेरवी?"

त्यानं सांगितलं. ज्या सकाळी ट्रॅक्टर आमच्या दारात उभा होता, त्याच सकाळी तिकडे तेरवीची पंगत बसली होती.

कौसल्या तिथंच होती. ती हळूच म्हणाली, "सुतक होतं बाई तुमच्यावर. तुमाले मालूम नोतं, सांदवाडीले मालूम होतं."

"गप," मी म्हटलं. त्या माणसाला पाणी दिलं, जेवायला घातलं. कुंकू पुसलं. रमेशनं डोकं भादरून घेतलं. ज्या बापाचा चेहरा आठवत नाही त्याच्यासाठी.

कौसल्याचं मला पटत नाही. सासूच्या सुतकात रमेशनं लहानपणी तुळशीची पानं ओरबाडून खाल्ली होती, त्याला तेव्हा काय झालं होतं? काहीच नाही. आणि सुतक खबर लागल्यापासून धरतात, हे कौसल्यालाही माहीत आहे. शिवाय ज्या माणसानं त्या मातीत कधी कुदळ मारली नाही, त्याचं सुतक तिनं का धरावं? डॉक्टरचंही पटत नाही. तिसरं कारण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर सांगा, सुनंदा वाचून दाखवेल.

दोडका यंदाही लावलाय. रोज मीच तोडते.

तान्ह्या पोळ्याच्या त्या सकाळी मी इकडे सांदवाडीत पडले आणि तो तिकडे अंगणात पडला. श्वास दोघांचाही अडला. तो गेला. मी जगले.