कुत्रीच्या पंगतीला मी बसलो, त्याची खरी हकीकत

मंगळवार पेठेत सध्या माझ्याविषयी जी कथा फिरते आहे, तिच्यानुसार मी कुत्रीचे जेवण चोरून खाल्ले. तालमीच्या कट्ट्यावर तिच्यात भर पडली असून, मी ते मिटक्या मारत खाल्ले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतले, असेही सांगण्यात येते. सांगणाऱ्यांपैकी एकही इसम त्या वेळी आमच्या स्वयंपाकघरात नव्हता. मी होतो, सून होती आणि कुत्री होती. कुत्री बोलत नाही आणि सुनेला विचारावे तर ती हसू लागते. तेव्हा लिहिण्याची जबाबदारी माझ्यावर येते.

कुत्री म्हातारी आहे. रविवारी मटण शिजताना तिखट पडण्याआधी जे अळणी पाणी बाजूला काढतात, त्यात कुस्करलेली भाकरी ती पिल्लू असल्यापासून खात आली. यंदा तिला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी स्वादुपिंडाला सूज असल्याचे सांगून मटण, तेल, कांदा, लसूण एका दमात बंद केले. हे सारे माझ्या अळणीमुळे झाले, असे माझ्या मुलाचे ठाम मत. तो स्वतः तिला रोज चहात बुडवून खारी चारत असे, हा तपशील त्याच्या कथनात येत नाही.

डॉक्टरांनी सुचवलेले अन्न म्हणजे कुत्र्यांसाठी मंद आचेवर शिजवून गोठवलेली पाकिटे. ती निवडायला सून आणि मी राजारामपुरीतल्या दुकानात गेलो. तिथे मी भांडलो, असे मुलगा सांगतो. तो तर गाडी लावायला जागा शोधत बाहेर फिरत होता. मी प्रश्न विचारले. ज्याने जन्मभर खाटकासमोर उभे राहून मटण तोडून घेतले, त्याला तसे वागण्याचा अधिकार आहे. पाकीट विटेसारखे कडक. दाबून कळेना, हुंगून कळेना.

"किती शिट्ट्या दिल्यात ह्याला?"

"शिट्टी न्हाय काका. मंद आचेवर, उकळी फुटू न देता शिजवत्यात," दुकानदार म्हणाला.

"उकळी न्हाय म्हंजे कच्चंच की."

"कच्चं न्हाय हो. शिजलंय, फक्त गाळ केला न्हाय."

"तुम्ही खाऊन बघितलंय?"

"मी कशाला खाऊ? मी काय कुत्रं हाय?"

"मग शिजलंय हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

यावर त्याने पंख्याचा वेग वाढवला. मी मटण आणि काळजाचे पाकीट पसंत केले होते. सुनेने चिकन, भात आणि लाल भोपळ्याचे उचलले, कारण त्यात चरबी कमी. "आबा, आजाऱ्यासाठी न्यायचंय, जावयासाठी न्हवं," ती म्हणाली. तिचे म्हणणे बरोबर होते आणि मी ते तिथल्या तिथे मान्य केले. मुलाच्या कथेत हेही नाही.

पाकीट रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवायचे, मग वाटी गरम पाण्यात धरून कोमट करायचे. गॅसवर चढवायचे नाही. सुनेने सारे बरहुकूम केले. कुत्रीने वाटी हुंगली, माझ्याकडे पाहिले आणि तोंड फिरवले. संध्याकाळी तेच, दुसऱ्या सकाळीही तेच. दुपारपर्यंत पोटात काही गेले नाही तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावे लागेल, असे डॉक्टरांनी फोनवर सांगितले. या वयात ती तिथून परत येईलच, असे मात्र ते म्हणाले नाहीत.

"तुमच्या रश्श्यानं जीभ बिघडलीया तिची," मुलगा कामावर जाता जाता म्हणाला.

जीभ शाबूत होती. आमच्या घरात थोरल्याने पहिला घास घेतल्याशिवाय कोणी ताटाला हात लावत नसे. ही रीत मुलाने हातात मोबाईल आल्यावर सोडली. कुत्रीने सोडली नव्हती. ती आजवर माझ्या मांडीशेजारी बसून, माझा घास गिळून झाल्यावर जेवली. आता तिला भलत्या वेळी एकटीला वाढले जात होते आणि मी पलीकडे पेपर वाचत होतो. ती आजारी होती, बेशिस्त नव्हती.

मी पाट मांडला आणि सुनेला ताट वाढायला सांगितले. भाकरी-आमटी आली. मी घास घेतला. कुत्रीने माझे ताट हुंगले, आपली वाटी हुंगली आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले. एकाच पंगतीत एकाला एक आणि शेजारच्याला दुसरे वाढणे, याला पंक्तिप्रपंच म्हणतात. लग्नात असे घडले तर आमच्याकडची माणसे भरल्या ताटावरून उठतात. कुत्रीत उठण्याचे बळ नव्हते, एवढाच फरक.

"तिचं मला वाढ," मी सुनेला म्हणालो.

"आबा, कायतरीच काय?"

"शिजलंय म्हणतोय न्हवं त्यो दुकानदार? वाढ."

तिने स्वच्छ चमच्याने पाकिटातले थोडे माझ्या ताटात ठेवले. मी ते खाल्ले. दिवसाढवळ्या, सुनेच्या देखत खाल्ले. याला चोरून म्हणत नाहीत. मिटक्याही मारल्या नाहीत. लाल भोपळ्याला मिटक्या मारणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. कोंबडी शिजलेली होती, एवढे मी दुकानदाराच्या बाजूने नोंदवतो.

कुत्री माझ्या गळ्याकडे बघत होती. घास खाली उतरला, तशी तिने मान वाटीत घातली. अर्ध्यावर ती थांबली आणि तिने वर पाहिले, तेव्हा मला दुसरा घास घ्यावा लागला. दुसऱ्यांदा वाढून घेतले ते एवढेच. वाटी संपली. सून दवाखान्यात फोन करायला उठली आणि दाराशीच पाठमोरी थांबली. डोळे पुसून मग ती बाहेर गेली.

फोन करून ती परतली. "आज आणू नका म्हणाले. थोडं थोडं देत ऱ्हायचं. आता पुन्हा संध्याकाळी," ती म्हणाली. मग फ्रीज उघडून तिने विचारले, "तुमचंबी कोमट करू?"

"कर," मी म्हणालो. "फक्त माझ्यापुरतं चिमूटभर मीठ आणून ठेव."