घुगरी-टोपली

यवतमाळच्या तपासणी केंद्रात माझ्यासमोरच्या बाकावर ते दोघं बसले होते. नवऱ्याचे डोळे पिवळे, पोट फुगलेलं. बायको दिग्रसकडच्या तांड्यावरची. तिच्या यकृताचा निम्म्याहून जास्त भाग त्याला देता येईल का, हे त्या दिवशीच्या स्कॅनवर ठरणार होतं. उरलेलं यकृत पुन्हा वाढतं, हे मी वाचलं होतं. तिचं जुळेल का, याचा अंदाज मी मनात बांधायला लागलो आणि सोडून दिला.

नर्स म्हणाली, "ताई, चांदीचं सगळं काढून ठेवा."

तिनं पायातले वाळे काढले. कानांशी केसांत गुंफलेल्या घुगरी-टोपलीपाशी मात्र हात थांबला. त्यांच्यात हे दागिने लग्नात चढतात आणि नवरा गेल्यावरच उतरतात.

"हे नाही काढत मी. माणूस जित्ता हाय माहा."

"मंग मीच काढतो," नवरा म्हणाला. "माह्या मागं दुसऱ्यानं काढण्यापेक्षा बरं."

"काही बी बोलता!" ती चिडली, पण तिनं डोकं त्याच्यापुढे वाकवलं.

स्कॅन करून आल्यावर ती पुन्हा तशीच त्याच्यापुढे डोकं वाकवून बसली. आजारानं त्याचे हात थरथरत होते, गाठ बसत नव्हती. नर्स मदतीला आली, तर बाईनं तिचा हात बाजूला सारला.

"बांधा सावकाश," ती त्याला म्हणाली. "मले कोठी जायचं हाय?"

माझं नाव पुकारलं गेलं. मी उठलो, तेव्हाही एक बाजू मोकळीच होती.