हॉटेलात कोण कोणाकडे जेवतं

मुलाचे वडील म्हणाले, धुळ्याला भेटू. हायवेवर चांगलं हॉटेल आहे, शनिवारी मुक्काम करू, संध्याकाळी सगळे मिळून जेवू आणि रविवारी आपापल्या घरी जाऊ. तेवढीच थंडीतली सहल होईल. हा निरोप मुलीने पुण्याहून फोनवर सांगितला आणि माझं डोकं तिथेच फिरलं.

"धुळ्याला कशाला? ते चोपड्याकडचे, आपण वरणगावचे. मुलगी पाहायला माणसं मुलीच्या घरी येतात. आपल्या घराला काय छप्पर नाही?"

"आई, आता असंच करतात गं. न्यूट्रल जागा."

न्यूट्रल. इथेच तर घोडं पेंड खात होतं. आम्ही बौद्ध, ते केळीवाले हिंदू शेतकरी. मुलगी आणि तो मुलगा पुण्यात एकाच कंपनीत नोकरीला, आणि लग्न करायचं तर एकमेकांशीच असं त्यांनी ठरवून टाकलेलं. आम्ही हो म्हटलं होतं. त्याच्या आईवडिलांनी हो म्हणायचं बाकी होतं आणि त्यासाठीच ही भेट होती. ते आमच्या घरी आले असते, तर मी पाण्याचा तांब्या पुढे केला असता आणि त्यांना ते पाणी प्यावं लागलं असतं. माझ्या आईला शेतावर पाणी वरून ओंजळीत ओतायचे. मी तिचा पदर धरून शेजारी उभी असायची. तेव्हा लोक काहीही न्यूट्रल म्हणोत, मला आधी तो तांब्या दिसतो.

आमचे हे फॅक्टरीत नोकरीला. सगळं आयुष्य दारूगोळ्याच्या शेजारी गेलं म्हणून असेल, घरात ठिणगी पडू देत नाहीत. म्हणाले, "अगं, जेवायलाच बोलावतायत ना? मग चांगलंच आहे की."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या भागात मुलगी पाहायला आलेली माणसं पोहे खातात, चहा घेतात आणि उठतात. जेवून जा म्हटलं तर "पुढच्या खेपेला" म्हणतात. ती पुढची खेप बहुतेक वेळा येतच नाही. पण जेवायला बसले म्हणजे पसंत आहे. तोंडाने होकार द्यायची गरजच पडत नाही. पाहुण्याने वरण दुसऱ्यांदा मागितलं की आतल्या बायका एकमेकींकडे बघून हसतात. माझ्या वेळी सासरे पाच पुऱ्या खाऊन उठले होते आणि आईने तिथेच डोळे पुसले होते.

निघायच्या आदल्या दिवशी मी डिंकाचे लाडू वळले. मुलगी पुण्याहून आलेली होती. तिने डबा पाहिला आणि माझ्या हातातून काढून घेतला.

"हे कशाला नेतेयस? त्यांना खायला देऊन परीक्षा घ्यायचीय ना तुला?"

पोटची पोर, तिला सगळं कळतं. डबा घरीच राहिला.

शनिवारी दुपारी निघालो. जळगाव सोडलं तशी रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस अडकलेला दिसायला लागला. ट्रॅक्टरमधून उडालेला कापूस दर हिवाळ्यात असाच काट्यांवर लटकत असतो. हे नवीन स्वेटर घालून गाडी चालवत होते आणि मुलगी मागे बसून मला सूचना देत होती. राजकारण नको. आरक्षण तर अजिबात नको. ते काही बोलले तरी लगेच उत्तर द्यायचं नाही. मी म्हटलं, "मग मला डिकीत बसव ना." तिला हसू आलं नाही. आरशात तिचा चेहरा दिसला. लहानपणी परीक्षेला जाताना व्हायचा तसा पांढराफटक झाला होता. मग मात्र मी तिच्या सूचना एकेक करून म्हणून दाखवल्या.

हॉटेल झकपक होतं. काउंटरवरच्या मुलाने आमच्याकडे आणि आमच्यासोबतच पोचलेल्या मुलाकडच्या मंडळींकडे पाहून विचारलं, "एकच फॅमिली का?"  मग हेच म्हणाले, "दोन रूम."

मुलाचे वडील उंच, उन्हाने रापलेले, डोक्याला मफलर. हात जोडून "नमस्कार साहेब" म्हणाले. साहेब! भाऊ नाही, आबा नाही. परक्या माणसाला आपल्याकडे काय म्हणायचं ते ठरलेलं असतं, आणि साहेब म्हणजे तर परक्यातला परका. मी मनात नोंद केली. मुलाच्या आईने माझा हात धरला. वेटरने ट्रेमधून पाण्याचे ग्लास आणले. त्यांनी घेतले, आम्ही घेतले. पाणी हॉटेलचं होतं. त्यावरून काय कळणार, कपाळ!

संध्याकाळी हवा इतकी गार झाली की रेस्टॉरंटच्या काचांवर धुकं साचलं. आम्ही सहा जण एका मोठ्या टेबलाभोवती बसलो. मुलगा आणि मुलगी समोरासमोर होते आणि मेन्यूकार्डात तोंड खुपसून होते. मी ठरवूनच मुलाच्या वडिलांच्या समोरची खुर्ची धरली. मला त्यांचा हात बघायचा होता, तोंड नाही.

शेवभाजी आली, भाकरी आल्या, भरीत आलं. सगळं मधोमध ठेवलं. त्यांनी आधी घेतलं का, आम्ही घेतल्यावर घेतलं का, कोणता चमचा वापरला, सगळं मी मांजरीसारखं टिपत होते. आमच्या ह्यांनी स्वतःला भाजी वाढून घेतली आणि वाटी पुढे सरकवली. मुलाच्या वडिलांनी त्याच वाटीतून तोच चमचा धरून घेतली. पहिला घास तिखट लागून ठसका लागला, तर ह्यांच्यासमोरचाच ग्लास उचलून पाणी प्यायले. आमचे हे त्या ग्लासातलं अर्धं पाणी आधीच प्यायले होते.

माझा घास हातात तसाच राहिला.

मग त्यांनी भरीत चाखलं, तोंड वाकडं केलं आणि थेट अहिराणीवर आले. "हाई काय भरीत शे? हाई ते टमाटानी भाजी!" सगळे हसले. पहिल्यांदाच टेबलावरचे सगळे एकदम हसले. मग गडी सुटलाच. वांगं कसं हिरवं आणि हाताएवढं लांब हवं, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर कसं भाजायचं, मिरच्या कशा लाकडी बडगीत ठेचायच्या, आमना मळामा भरीत व्हस ते खरं भरीत. बोलता बोलता त्यांनी एक भाकरी मोडली आणि अर्धी सरळ आमच्या ह्यांच्या ताटात टाकली. "ल्या भाऊ, गरम शे."

भाऊ म्हणाले. ह्यांनी ती भाकरी अशी काही जपून खाल्ली की मला बघवेना. मुलीने टेबलाखालून माझा हात दाबला. तिचा हात गार पडला होता आणि ती हसत होती. त्यांनी तिसरी भाकरी मागितली, भात घेतला, शेवटी ताक घेतलं. मला आईची आठवण आली. खरं सांगते, त्या वेळी मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

खोलीत आल्याबरोबर ह्यांनी भडगावला मोठ्या भावाला फोन लावला. "दादा, जेवले ते. पोटभर जेवले. हो, एकाच वाटीतून!" पलीकडून जाऊबाईंचा आनंदाचा आवाज मला इथवर ऐकू आला. गंगेत घोडं न्हालं, असं मीही म्हटलं. मुलगी आरशासमोर उभी राहून उगाच केस विंचरत होती आणि बाप तिच्याकडे बघत होता.

सकाळी नाश्त्याला पोहे होते. बाहेर ऊन पडलं होतं. मुलाचे वडील आंघोळ करून, गंध लावून आले आणि बसल्याबसल्याच त्यांनी विषय काढला.

"पोरेसनी ठराई टाकेल शे. आपन आडवं कसाले जावानं?"

ह्यांनी हात जोडले. मी पुढे सरकून बसले.

"लगीन पुन्यामा करू. कोर्टमा. आम्ही दोन्ही येऊत. पन गावमा काही नको, भाऊ. पत्रिका नको, हळद नको. गावमा सांगसूत, पोर पुन्यानी शे. पुढलं कोन इचारस?" त्यांनी पोह्यांवर लिंबू पिळलं. "आन आपलं भेटनं व्हई ते आसंच. हॉटेलमा. काल कशी मजा उनी!"

ह्यांना पटकन समजलं नाही. म्हणाले, "म्हणजे तुम्ही आमच्या घरी..."

"घर कसाले? हॉटेलमा कोन कोना घर जेवस, भाऊ? कोनी इचारनं ते सांगता येस."

त्यावर ह्यांनी मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. नुसतीच हलवली. मला तेव्हा उमगलं की काल आम्ही सगळं पाहिलं, पण एक गोष्ट ऐकली नाही. आमच्या खानदेशात भरताचं नाव निघालं की बोलणारा माणूस तिथल्या तिथे "या एकदा मळ्यावर" म्हणतो. रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसालाही म्हणतो, ते फुकट असतं. हा माणूस वांग्यापासून ठेच्यापर्यंत सगळं बोलला, पण एकदाही "या" म्हणाला नाही. आणि आम्ही त्याच्या भाकऱ्या मोजत बसलो.

मुलीने आदल्या दिवशी दिलेल्या सूचना मला सगळ्या पाठ होत्या. तरी मी विचारलं, "भाऊ, माझ्या घरी जेवाल का?"

त्यांनी मान खाली घातली. माणूस वाईट नव्हता, तेच तर वाईट होतं. "माले काही नही, ताई. मी आत्ते येस. पन धाकली पोरनं लगीन बाकी शे. गावनं तोंड कोन धरी?" त्यांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पदराने टिपलं. त्यांच्या धाकट्या मुलीची काळजी मला समजत होती. मीही मुलीचीच आई. पण त्यांच्या मुलीचं लग्न व्हावं म्हणून माझ्या मुलीने कुणाचीच मुलगी नसल्यासारखं त्या घरात जायचं, हे माझ्या घशाखाली उतरेना.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मुलगी माझ्याकडे बघतच नाहीये. ती त्या मुलाकडे बघत होती.

आणि मला काय झालं कोण जाणे. एवढी वर्षं मनात राग धरून बसलेली मी, त्या क्षणी मला वाटलं, असू दे. कोर्टात तर कोर्टात, हॉटेलात तर हॉटेलात. मी आयुष्यभर हॉटेलात जेवीन, पण हिचा चेहरा काल रात्रीसारखा राहू दे. बोल रे बाबा काहीतरी, एक शब्द बोल. मी मनातल्या मनात त्या मुलाची विनवणी करत होते.

मुलगीच बोलली. अगदी हळू आवाजात, फक्त त्याला. "मी तुझ्या गावाला येईन तेव्हा माझे आईबाबा कोण म्हणून सांगायचं?"

तो चमच्याने पोहे इकडून तिकडे करत होता. "ते बघू ना नंतर. आधी लग्न तर होऊ दे."

तिने मान डोलावली. रागावली नाही, रडलीही नाही. त्याच्याकडे आणखी थोडा वेळ बघत राहिली, तो वर बघेल म्हणून. त्याने वर पाहिलं नाही. मग तिने रुमालाने हात पुसले, उठली आणि त्याच्या आईवडिलांना वाकून नमस्कार केला. "येते काका. येते काकू." माझी बॅग तिनेच उचलली. "बाबा, चला."

धुळे मागे पडलं. पारोळ्यापर्यंत तिच्या फोनवर त्याचं नाव दोनदा उजळलं. तिने फोन पालथा घातला.  मी मागे तिच्याशेजारी बसून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

मग ह्यांचा फोन वाजला. भडगावहून होता. हे गाडी चालवत होते, आणि खरं म्हणजे तो फोन घ्यायची त्यांची हिंमत नव्हती. तिनेच घेतला, हॅलो म्हणाली आणि स्पीकर लावला. जाऊबाईंना धीर नव्हता. नमस्कार नाही, काही नाही, सरळ सुरुवात. "काय गं, पाहुणे केव्हा येतायत आमच्याकडे जेवायला? तुझे काका वांगी आणायला चाललेत. किती आणायची?"

हे आरशातून मागे बघत होते. मी फोन घ्यायला हात पुढे केला, पण तिने दिला नाही.

"पाहुणे नाही येत, मोठी आई," ती म्हणाली. "आपणच आहोत. आम्ही तिघं आत्ता येतोय."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग जाऊबाई म्हणाल्या, "ये बाई. ये. चुलीवर ठेवतेच."

ह्यांनी काही न विचारता गाडी भडगावच्या रस्त्याला घेतली. तेव्हा ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली, आणि एवढी फटकळ मी, नुसते तिचे केस मागे सारत राहिले.