उभ्या गाडीतलं पाणी

बजाजनगरात खंडेरावचं दुचाकीचं गॅरेज. नुसता आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस म्हून कामगार वस्तीत त्याला सगळे ओळखायचे. शिफ्ट सुटली की दारात गाड्या उभ्या. बाप-आजा मेंढरामागं हिंडलेले. पोरपणी खंडेरावबी हिंडला, मग ठेकेदाराच्या हाताखाली कंपनीत लागला आन् तिथून ह्या ग्रीसात आला. मशिनीला तो कधी भ्याला नाय. पाण्याला मात्र लई भ्यायचा. गुडघ्याच्या वर पाणी आलं की तो माघारी फिरायचा.

आन् अशा माणसाच्या पोटी प्रांजली आली. शाळेत असतानाच पोहायला शिकली, स्पर्धा मारल्या, आता पैठण रस्त्यावरनं आत वळल्यावर एक तलाव लागतो, तिथं बोटिंगच्या ठिकाणी कामाला होती. पाण्यात पडलेल्या गिऱ्हाइकाला बाहेर काढायचं, हे तिचं काम. ते काम नेमकं कसं असतं हे खंडेरावनं कधी खोदून विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर झोप गेली असती.

एक दिवस दुपारी गॅरेजसमोर टेंपो थांबला आन् ड्रायव्हरच्या बाजूनं प्रांजली उतरली.

"आबा, हिच्या इंजिनात पाणी शिरतंय. बगता का जरा?"

टेंपोत पाण्यावर चालणारी स्कूटर होती. लांबुळकी, चपट्या तोंडाची. बसायला सीटच नाय. मागच्या खळग्यात उभं राहायचं, पुढून आलेला लांब दांडा धरायचा आन् पळवायची. तलावावर सगळे तिला उभी गाडी म्हणायचे. तिथल्या मालकानं, राजेंद्रशेठनं, ती गोव्याकडून जुनी आणली होती.

"पाणी शिरल्यावर काय व्हतं?" खंडेराव म्हणाला.

"बंद पडती."

"कुठं?"

"कुठं म्हंजे काय, आबा. पाण्यात."

"मधीच?"

प्रांजली टेंपोची दोरी सोडायला लागली. "रविवारी लोकांसमोर चालवायची हाय. शेठ म्हणले, तुझ्या बापाला दाखव."

"दुसरं कोणी नाय का चालवायला?"

"मलाच येती."

रत्नमाला, खंडेरावची बायको, चहा घेऊन आली आन् गाडीला एक फेरी मारून बघून म्हणाली, "एसटीत उभं राहायचं, आता पाण्यातबी उभंच. बसायचं कधी माणसानं?" खंडेराव हसला नाय. त्याच्या डोळ्यापुढं एवढं मोठं पाणी, त्याच्या मधोमध बंद पडलेली मशीन आन् मशिनीला धरून पोरगी, असं चित्र येऊन बसलं ते हलेना.

पुढचे दिवस त्यानं दुसऱ्या गाड्यांना हातच लावला नाय. गिऱ्हाइकं बोंबलत माघारी गेली. इंजिन त्याला परकं नव्हतं, जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलीचंच भावंड. ते एका झाकणाखाली बसवलेलं, म्हून पाण्यानं आत यायच्या वाटा हुडकायच्या होत्या. झाकणाच्या कडेला त्यानं खडू फासला, झाकण दाबून बसवलं आन् उघडून बघितलं. जिथं रबराला खडू लागला नव्हता तिथं फट. रबर बदललं. झाकणाची कडी ढिली होती, ती आवळली. मागं पाणी काढायची बुचं नवी घातली. पाणी मागं फेकणाऱ्या पंख्याचा दांडा ज्या भोकातून मागं जातो तिथलं सील बदलून ग्रीस भरलं.

राहिली हवेची वाट. झाकणाखाली दोन नळ्या, त्यातून इंजिन श्वास घेणार. त्या बंद करता येत नाय आन् उघड्या ठेवल्या तर पाणी घेतल्याशिवाय राहत नाय. खंडेराव त्या नळ्यांच्या तोंडाकडं बघत बसला आन् त्याला घोंगडी आठवली. डोंगरात धोधो पाऊस पडताना घोंगडीची खोळ डोक्यावर घेतली की वरून पाणी निथळून जायचं आन् आत माणूस खुशाल श्वास घ्यायचा. हवा जाती, पाणी जात नाय. आणखी काय पायजे?

त्याची माय बानाबाई घरात काळ्या लोकरीची एक पिशवी अजून बाळगून होती.

"माय, पाऊस आत येऊ नये अशी जाडसर पट्टी करून दे."

"आख्खा पावसाळा काढलाय ह्या लोकरीखाली," म्हातारी म्हणाली. "थेंब आत आला नाय कधी." आन् तिनं लोकर थापून थापून दोन पट्ट्या करून दिल्या.

खंडेरावनं त्या नळ्यांच्या तोंडावर बांधल्या, झाकण लावलं आन् इंजिन चालू करून वरून नळीनं पाणी मारलं. इंजिन ठणठणीत. झाकण उघडलं तर आत कोरडं. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

शनिवारी सकाळीच गाडी तलावावर नेली. वारा होता. प्रांजलीनं जाकीट चढवलं, गुडघ्यावर बसून गाडी पाण्यात सोडली आन् वेग आल्यावर उभी राहिली. आवाज स्वच्छ येत होता. मधोमध गेल्यावर तिनं मुद्दाम एक गचका मारून वळवली आन् पडली. गाडी आडवी झाली. खंडेराव काठाशी धावला. पण पोरगी वर आली, गाडी सुलटी केली, चढली, निघाली. थोडी पुढं गेली आन् आवाज जड झाला. दम लागल्यासारखा खोकला. मग बंद.

वारा गाडीला पलीकडच्या अंगाला ढकलायला लागला. तिकडं बुडालेल्या बाभळी होत्या. वरून नुसते शेंडे दिसायचे, खाली सगळा काट्यांचा गुंता.

"बोट कुठंय?" खंडेरावनं राजेंद्रशेठला विचारलं.

"सोमनाथ गिऱ्हाइकं घेऊन वळणापलीकडं गेलाय. येईल की. तुम्ही टेन्शन घेऊ नका, पोहणारी पोरगी हाय."

खंडेराव पाण्यात शिरला, मांड्यांपर्यंत गेला आन् तिथंच थिजला. पाय पुढं जाईना. आन् पाय गार पडल्यावर त्याला कळलं आपण काय करून बसलो ते. लोकर कातरायच्या आधी ते मेंढरं नदीत धुवायचे. पावसात हुंदडणारं मेंढरू, पण एकदा डुबकी दिली की त्याची लोकर एवढं पाणी प्यायची की दोघांनी ओढल्याशिवाय ते काठाला यायचं नाय. पाऊस निराळा आन् बुडणं निराळं. पट्ट्या भिजून गच्च झाल्या होत्या. त्यानं इंजिनाचं नाक दाबलं होतं.

"लोकर काढ," तो ओरडला. वाऱ्याच्या आवाजात शब्द विरून गेले.

आन् काढायची म्हंजे झाकण उघडायचं. भर पाण्यात. एक लाट आत गेली की गाडी मेलीच. ज्या झाकणासाठी त्यानं एवढे दिवस जीव आटवला, तेच पोरीला उघड म्हणायचं होतं. बाभळीचे शेंडे तर जवळ येत चालले होते.

त्यानं दोन्ही तळवे तोंडाशी धरले आन् डोंगरावरच्या कळपाला घालायचे तशी लांबलचक हाळी घातली. प्रांजलीनं मान वळवली. खंडेरावनं डोक्याचा रुमाल सोडला, नाकातोंडावर गच्च दाबला, ओढून काढला आन् लांब फेकून दिला. परत हातानं तसंच केलं. परत.

पोरगी क्षणभर बघत राहिली. मग तिनं पाण्यात उतरून गाडीचं तोंड वाऱ्याकडं फिरवलं आन् झाकण उचललं. खंडेरावनं डोळे मिटले नाय. एक लाट आली, गाडीच्या नाकावर फुटली. काळं काहीतरी दोनदा पाण्यात पडलं. झाकण बसलं. इंजिन नुसतंच घरघरलं, थांबलं, परत घरघरलं. आन् मग लागलं.

काठाला येऊन प्रांजली वाळूत बसली. "आबा, हे काय घातलं व्हतं तुम्ही?"

"चुकलं," खंडेराव म्हणाला. एवढंच.

घरी बानाबाईनं ऐकून घेतलं आन् कपाळाला हात लावला. "पाऊस म्हणलास तू मला. बुडवायची कुठं म्हणलास?"

त्यानं नळ्यांची तोंडं झाकणाखाली उंचावर नेली आन् खाली वळवून बांधली, म्हंजे उडालेलं पाणी सरळ आत जाणार नाय. तरी थोडं येणारच, हे त्याला पटलं होतं. कितीबी रबर लावा, ग्रीस भरा, पाण्यावरची मशीन कधीतरी पाण्यात बंद पडणार.

रविवारी तलावावर गर्दी. गाडी चालू करायला मनगटाला बांधायची लाल दोरी असती, ती खटक्यात बसवल्याशिवाय इंजिन लागत नाय. ती दोरी खंडेरावच्या खिशात होती.

"खंडेराव, लोक ताटकळलेत," राजेंद्रशेठ म्हणाला.

"मोटरबोट मधी उभी करा. मग देतो."

"तिच्यावर गिऱ्हाइकं हायत."

"उतरवा."

"आबा, द्या ना. सगळे बगायलेत," प्रांजली दबक्या आवाजात म्हणाली.

"बगू दे."

शेठ बडबडला, गाडी माझी हाय म्हणाला, मेकॅनिक दुसरा बघतो म्हणाला. खंडेराव दगडावर बसून राहिला. शेवटी शेठनं फोन केला. सोमनाथ बोट घेऊन आला, गिऱ्हाइकं कुरकुरत उतरली.

"मधी जाऊन थांब," खंडेराव त्याला म्हणाला. "इंजिन बंद करू नको. आन् तोंड बाभळीकडं ठेव."

मग त्यानं दोरी पोरीच्या मनगटाला सोता बांधली.

ती गेली. वळली, उडाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. खंडेराव उभाच होता. खिशात फोन वाजला. रत्नमाला.

"झालं का हो?"

"नाय. चालू हाय."

"बरी हाय ना?"

"आवाज येतोय अजून. ठेव फोन, मला ऐकू दे."