शेपटीतलं शिसं

माझ्या नाकावर राग असतो हे पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तो सगळ्यात जास्त वजनाच्या बाबतीत असतो. माझ्या स्वतःच्या नव्हे, विमानाच्या. रिमोटवर उडणारं, हवेत कोलांट्या मारणारं एक विमान मी सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत दीड वर्ष बांधत होतो. हलक्या बाल्सा लाकडाची पट्टी न् पट्टी सोनाराकडून आणलेल्या जुन्या काट्यावर तोलायची, जड निघाली की घासायची, तरीही जड वाटली की तिला भोकं पाडायची. रंगाचासुद्धा एकच हात दिला, कारण रंगालाही वजन असतं. बायको म्हणाली, तिच्या दोन्ही बाळंतपणांत मिळून कुणी इतकं तोलूनमापून काही केलं नव्हतं. मी उत्तर दिलं नाही. बोललो असतो तर काटा हलला असता.

मग इंजिनाचा प्रश्न आला. तेव्हा असली इंजिनं पुण्यात सहज मिळत नसत. माझा मेहुणा जहाजावर नोकरीला होता, आणि त्याच्या बॅगेत माझ्यासाठी एक इंजिन मावणार होतं. एकच. महिनाअखेरीच्या आत पत्र टाकायचं होतं. टू-स्ट्रोक घ्यायचं की फोर-स्ट्रोक? टू-स्ट्रोक हलकं, साधं आणि कानठळ्या बसवणारं, बारीक आवाजात किंचाळणारं. फोर-स्ट्रोक जड, त्यात व्हॉल्व्हची भानगड, पण मोठा पंखा संथपणे ओढणारं आणि घुमणाऱ्या आवाजाचं. मी सरकारी खात्यात नकाशे काढणारा माणूस. ग्राफपेपरवर दोन्ही मांडली आणि टू-स्ट्रोक पक्कं केलं. विमानाचं नाकही त्याच मापाने बांधलं. शिवाय मैदानावर सगळ्यांना ऐकवून ठेवलं, की ज्यांना नाकाला वीट बांधून कोलांट्या मारायच्या असतील त्यांनी खुशाल फोर-स्ट्रोक घ्यावं.

मैदान म्हणजे लोणी काळभोरच्या पुढचं एका शेतकऱ्याचं पडीक रान. दर रविवारी सकाळी आम्ही आठ-दहा जण स्कूटरवर विमानं बांधून तिथे जायचो. आमच्यात चाचा होते. नाना पेठेत त्यांचं लेथचं दुकान, तीन पिढ्या तिथेच. वयाने आम्हा सगळ्यांपेक्षा मोठे, पण मला ते "साहेब" म्हणत, आणि त्या साहेबात थोडी चेष्टा असे. त्यांच्याकडे स्वतःचं विमान नव्हतं. त्यांच्याकडे कान होता.

आमच्या मैदानाचा एक रिवाज होता. इंजिनाला इंधन किती जायचं ते एका बारीक सुईने ठरतं. ती जास्त आवळली की इंजिन उपाशी पडतं, जमिनीवर चांगलं ओरडतं आणि विमान सरळ वर चढायला लागलं की मध्येच गप्प होतं. उड्डाणाआधी प्रत्येकाने विमान चाचांपुढे न्यायचं. ते इंजिन चालू ठेवून नाक आभाळाकडे करून धरत, आवाज ऐकायला डोळे मिटत, सुई कणभर फिरवत आणि म्हणत, "जाऊ द्या." त्यानंतर त्या सुईला कुणी हात लावायचा नाही. मी स्वतःच्या सख्ख्या भावाचं ऐकत नाही, पण चाचांच्या सुईपुढे ब्र काढला नाही.

त्या हिवाळ्यात मात्र इंजिनं हवेत बंद पडायला लागली. पहिलं विमान पडलं तेव्हा आम्ही इंधनाला शिव्या दिल्या. दुसऱ्याला प्लगला. तिसऱ्या वेळी सगळ्यांची नजर चाचांच्या बोटांकडे गेली, आणि ते जास्त वाईट होतं. कॉलेजात फिजिक्स शिकवणारे एक प्रोफेसर आमच्यात होते. चाचांनी सुई लावली की ते विमान उचलून बाजूला न्यायचे आणि पाठ करून सुई थोडी ढिली करायचे. मी ते पाहिलं. माझं डोकंच फिरलं. पण त्यांचं विमान बंद पडलं नाही, हेही पाहिलं.

पुढच्या रविवारी माझ्या जुन्या विमानाचा पंख बसवेपर्यंत मी रिमोट चाचांच्या हातात दिला. त्याची बॅटरी उतरली होती, आणि तो पीं पीं करून ओरडायला लागला. सुईसारखा टोचणारा आवाज. दहा पावलांवर मला ऐकू येत होता. चाचांनी तो छातीशी धरला होता आणि ते शांतपणे रस्त्याकडे बघत होते.

"फटफटी येतेय कुणाची तरी," ते म्हणाले. "टॅपेट सैल आहेत."

मला काहीच ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने ती धडधडत सोलापूर रस्त्यावरून गेली. इंजिनातली खडखड तेव्हा मलाही कळली, व्हॉल्व्ह हलवणारे टॅपेट सैलच होते. जाड आवाज त्यांना आमच्या आधी पोचत होता आणि बारीक आवाज पोचतच नव्हता. टू-स्ट्रोकची किंकाळी कुठे चढली आणि कुठे फाटली हे आता त्यांना कळणार नव्हतं. थोड्या दिवसांनी सगळेच प्रोफेसरांसारखे पाठ फिरवणार, आणि एका रविवारी चाचा यायचेच बंद होणार. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. या माणसाचा मला इतका लळा आहे हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

घरी येऊन मी मेहुण्याला पत्र लिहिलं: फोर-स्ट्रोक आण. बायकोने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला ताप आहे का ते कपाळाला हात लावून बघितलं.

इंजिन आलं, आणि जड नाक अर्थातच खाली झुकलं. तोल साधायला बॅटरी मागे सरकवायची तर विमानाचं पोट बंद करून वर कागद चढवून झाला होता. मग एका सकाळी, ग्रॅमसाठी रंग वाचवणाऱ्या मी, शेपटीचा कागद फाडून आत शिशाचा तुकडा ठोकला आणि वर ठिगळ लावलं. इतकी लाज मला परीक्षेत नापास झालो तेव्हाही वाटली नव्हती.

मैदानावर चाचांनी नेहमीसारखं दोन बोटांवर विमान तोललं. मग ठिगळावरून नख फिरवलं.

"शिसं आहे हे?"

"हो."

"तुम्ही घातलंत?"

"नाक जड झालं."

त्यांनी इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "साहेब," ते हळूच म्हणाले, "इंजिन विमानाकडे बघून घ्यायचं असतं."

"विमान माझं आहे," मी म्हणालो. "तुम्ही सुई लावा."

इंजिन घुमायला लागलं. त्यांनी डोळे मिटले, मांडीवर बोटाने ताल धरला, सुई कणभर मागे घेतली. विमान मी खाली ठेवलं तेव्हा प्रोफेसर सवयीने सुईकडे हात नेत पुढे वाकले. मी त्यांचं मनगट धरलं आणि सांगितलं की हात लागला तर आपली ओळख संपली. मग विमान सोडलं, वळवून आणलं आणि सरळ आभाळात चढवलं. ते चढत राहिलं. आवाज एकदाही तुटला नाही. चाचा म्हणाले, "अजून जाऊ द्या."

निघताना त्यांनी इंजिनाखालचा अॅल्युमिनियमचा पाया सोडवून रुमालात गुंडाळून नेला. पुढच्या रविवारी आणला तो लेथवर आतून पोखरलेला, हातात घेतला तर हलका. "सगळं नाही निघायचं," ते म्हणाले. "अर्धं शिसं काढा." कानाबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही नाही. फक्त टू-स्ट्रोकवाल्यांना ते तेव्हापासून म्हणू लागले, तुमची सुई माझ्यासमोर तुम्हीच लावा, शिकून घ्या. माझी मात्र शेवटपर्यंत तेच लावत.

वर्षभराने प्रोफेसरांनी इंजिन बदललं. फोर-स्ट्रोक घेतलं आणि विमान गुपचूप चाचांपुढे आणून ठेवलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, आवाज बरा असतो त्याचा. त्यांच्या शेपटीत किती शिसं होतं ते मी विचारलं नाही.