डावीकडची सीट

दहिवलीत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ देत नाहीत. काकांचं डावं अंग लुळं पडल्यावर मीही सांगायला गेलो होतो, की अंगणातली जुनी जीप आता...

"विकायची नाय. दुरुस्त करायचीय. यांना हिमाचल बघायचाय."

गंजलेला पत्रा बदलला, इंजिन उघडलं, अडकून बसलेला फोर-व्हीलचा गिअर पुन्हा पडू लागला. काकांना वर चढता येईना, म्हणून दाराबाहेर वळणारी सीट बसवून घेतली. मेकॅनिक म्हणाला, "काकू, झाली गाडी. आता खुशाल जावा."

काकू ऐकेनात. त्यांनी स्वतःचा डावा हात ओढणीने अंगाशी बांधला, त्या सीटवर बसल्या आणि त्याला म्हणाल्या, "लोधिवलीला जाऊन येऊ. खड्डे चुकवायचे नाय."

परतल्या तेव्हा मानेवर सीटच्या पट्ट्याचा लाल वळ उठला होता. मला त्यांची जरा भीतीच वाटली. त्या मात्र मेकॅनिकला दाखवत होत्या, "इथं तोल जातो रं. अजून एक गादी लाव."

गेल्या आठवड्यात दोघं निघाली. स्टेअरिंग काकूंच्या हातात. आजारपणानंतर काका जवळजवळ बोलतच नसत. पण गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी जोरात वळली, तसे ते जड जिभेने ओरडले, "हळू गं!"

"ओरडा! मनालीपर्यंत असंच ओरडत बसा," म्हणत काकूंनी पुढचा गिअर टाकला.